दगडाला अडलेली विटी

माझ्या मुलीच्या शाळेतून मध्यंतरी एक कागद आला. पालकांनी मुलांना मैदानी खेळांचे फायदे समजावून सांगावेत आणि मुलांनी ते पाच ओळींत लिहून आणावेत. मुलगी सोफ्यावर आडवी पडून लिहीत होती. शरीर बळकट होते, भूक चांगली लागते, संघभावना वाढते. चौथ्या ओळीला तिची गाडी अडली आणि तिने मला विचारलं. आमच्या लहानपणी खेळाचे फायदे कुणी सांगितले नव्हते, तोटे मात्र रोज ऐकवले जायचे. फ्रॉक फाटतो, अभ्यास राहतो, उन्हाने तोंड काळवंडतं, मुलीच्या जातीला शोभत नाही. माझ्या बाबतीत आणखी एक तोटा होता. मी खेळायला गेले की भांडून घरी यायचे.

मी भांडकुदळ होते हे आधीच कबूल केलेलं बरं, कारण पुढचं सगळं त्याच्यामुळेच घडलं. बिघडलंही त्यामुळेच आणि निस्तरलंही त्यामुळेच.

आमचं गाव रत्नागिरीपासून एसटीने तासाभरावर, खाडीच्या वरच्या अंगाला. आमच्या घरामागे चढ चढून गेलं की उघडा कातळ लागायचा. पावसाळ्यात त्यावर गुडघाभर गवत असायचं, दिवाळीनंतर ते कापून नेलं की मागे उरायचा तो सपाट काळा दगड आणि त्यातली असंख्य भोकं. अर्धा कातळ आमचा, अर्धा शेजारच्या चाचांचा. चाचा आखातात नोकरीला होते, दोन-अडीच वर्षांनी सुट्टीवर यायचे. घरी चाची आणि त्यांची मुलगी. ती मुलगी माझ्याच वर्गात, माझ्याच बाकावर, आणि खेळात नेहमी माझ्याच बाजूला. दुसरं कुणी मला आपल्या बाजूला घ्यायला फारसं उत्सुक नसायचं, हेही त्यामागे होतं.

कातळावर आम्ही वाडीतली सात-आठ मुलं विटीदांडू खेळायचो. विटी कोलण्यासाठी जो लांबट खळगा लागतो त्याला गल म्हणतात. मातीत खेळणाऱ्यांना ती दरवेळी नवी खणावी लागते. आमची गल कातळात खोदलेली होती, आमच्या आधीपासून. कडा झिजून अगदी गुळगुळीत झाल्या होत्या. ती कुणी खोदली हे आम्ही कधी विचारलं नाही. गलीसमोर लांबवर, आमच्या हद्दीत, एक काजूचं झाड होतं. टोला मारायचा तो त्या काजूच्या रोखाने. विटी जिथे पडेल तिथून गलीपर्यंत दांडूने मोजायचं. वकट, लेंड, मुंड, नाल, आर, डोळा, झक्कू. सात दांडू झाले की एक खेप, मग पुन्हा वकटपासून सुरुवात. जास्त खेपा ज्याच्या, तो जिंकला.

गल आणि काजू यांच्या मधे, बरोबर आमच्या वाटेत, एक दगड उभा होता. जांभ्याचा, गुडघ्याएवढा, कातळात खाच पाडून बसवलेला. त्याला कधीतरी चुना फासला असावा, पण पावसाने धुऊन तो आमच्या लेखी साधा दगड राहिला होता. आम्ही त्याच्यावर बसायचो, त्याच्यावर डबे ठेवायचो.

नव्याण्णव सालच्या उन्हाळ्यात, आंब्याच्या दिवसांत, मी आयुष्यातला सगळ्यात मोठा टोला मारला. विटी भिरभिरत गेली, आणि त्या दगडावर आपटून उलटी गलीकडे घरंगळत आली. समोरच्यांनी ती जिथे थांबली तिथून मोजलं. चार खेपा. मी म्हटलं, दगड मधे नसता तर विटी काजूपर्यंत गेली असती, निदान दगडापासून तरी मोजा. कुणी ऐकेना. मग मी हट्टाने स्वतः दगडापासून गलीपर्यंत मोजून दाखवलं. सात खेपा आणि वर नाल. समोरच्यांनी कानांत बोटं घातली, कोणी नाचून दाखवलं, आणि डाव त्यांचा झाला. घरी येऊन मी जेवले नाही. पुढचे कित्येक दिवस मी दिसेल त्याला सांगत होते, सात खेपा आणि नाल. आई म्हणायची, हे पोर झोपेत पण नाल नाल करतं.

दुसऱ्या दिवशी दुपारी सगळी वामकुक्षीला गेल्यावर मी मैत्रिणीला घेऊन कातळावर गेले. दोघींनी मिळून तो दगड हलवून हलवून खाचेतून सुटा केला, कोलांट्या देत कातळाच्या कडेपर्यंत नेला आणि खाली करवंदीच्या जाळीत लोटून दिला. ती एकदाच म्हणाली की कुणाचा असेल तर? मी म्हटलं, दगड कुणाचा असतो? हे वाक्य मला नंतर फार महागात पडलं.

जून आला, गवत वाढलं, दिवाळीनंतर कापलं गेलं, आणि आम्ही बिनदगडाच्या मैदानात मजेत खेळू लागलो.

त्या वर्षी ईद ऐन थंडीत आली आणि ईदेला चाचाही आले. चाचीकडून झाकण लावलेल्या पातेल्यात शिरखुर्मा आला. आमच्याकडून त्या पातेल्यात काहीतरी भरूनच ते परत जायचं, रिकामं भांडं पाठवायची पद्धत ना आमच्याकडे होती ना त्यांच्याकडे. आईने तांदूळ भिजत घातले, घावन करून द्यायचे म्हणून. दुसऱ्या दिवशी सकाळी चाचा आणि बाबा कातळावर गेले.

चाचांनी आपल्या भागात सुरुंग लावून, खड्ड्यांत माती भरून आंब्याची कलमं लावली होती. गुरं आत शिरून ती खात होती म्हणून त्यांना सुट्टी संपण्याआधी हद्दीवर चिऱ्यांचा गडगा, म्हणजे बुटकी भिंत, घालून घ्यायचा होता. ते हद्दीचा दगड बघायला गेले आणि दगड नव्हता.

बाबा म्हणाले, दगड इथे होता. चाचा म्हणाले, नाही, तिथे होता. मधे दहा पावलांचा फरक. ज्या कातळावर धड गवतसुद्धा दोन हात वाढत नाही, त्या दहा पावलांसाठी दोन शहाणी माणसं सकाळी सुरू झाली ती ऊन डोक्यावर येईपर्यंत थांबली नाहीत. आवाज खाली घरात ऐकू येत होते. बाबा उतरून आले तेव्हा त्यांचा चेहरा मी कधी पाहिला नव्हता तसा होता. त्यांनी आईला सांगितलं की दगडाला काय पाय फुटत नाहीत. एवढंच. पण त्याचा अर्थ मला कळला, आणि आईलाही कळला. तिने भिजलेले तांदूळ वाटले खरे, पण घावन आम्हीच खाल्ले. चाचीचं पातेलं घासून फळीवर ठेवलं गेलं.

मला संध्याकाळी सांगण्यात आलं की तिकडे जायचं नाही. मैत्रिणीलाही तिच्या घरी तेच सांगितलं गेलं असणार, कारण सकाळी शाळेच्या वाटेवर ती माझ्या दहा-बारा पावलं पुढे चालत होती आणि मागे वळून बघत नव्हती.

ते पाच-सहा दिवस मला अजून अंगावर येतात. हद्दीचा दगड म्हणजे काय हे मला त्या वादातूनच समजलं होतं. दोन घरांचं बोलणं बंद होतं आणि ते मी बंद पाडलं होतं. सांगितलं तर बाबा मला सोलून काढतील. नाही सांगितलं तर गडगा रागारागात उभा राहील, तो कायमचा, आणि माझी मैत्रीण त्याच्या पलीकडे राहील. रोज सकाळी मी ठरवायचे की आज सांगायचं, आणि बाबांचं तोंड बघितलं की गप्प बसायचे. फळीवरचं ते घासलेलं पातेलं येताजाता डोळ्यांत खुपायचं. आई त्याला रोज पुसून पुन्हा तिथेच ठेवायची. रिकामं पाठवता येईना आणि भरून पाठवता येईना. तिचंही माझ्यासारखंच झालं होतं.

शाळेत मधल्या सुट्टीत मैत्रीण हापशाजवळ माझ्या शेजारी येऊन उभी राहिली. माझ्याकडे न बघता म्हणाली, सांगूया. मी नको म्हटलं. ती पाणी प्यायली आणि गेली. भांडणात मी कुणाच्या बापाला भीत नव्हते, पण खरं सांगायची वेळ आली तेव्हा ती माझ्यापेक्षा धीट निघाली. याची मला आजही थोडी लाज वाटते.

मग एका सकाळी ट्रक आला. कातळावर चिऱ्यांचा ढीग पडला आणि गवंडी सुतळीचं गुंडाळं घेऊन हजर झाला. चाचांनी त्याला आपल्या म्हणण्याप्रमाणे जागा दाखवली. बाबा जाऊन त्या जागेवरच उभे राहिले. गवंडी बिचारा सुतळीचं एक टोक हातात धरून कधी याच्याकडे, कधी त्याच्याकडे बघत होता. चाचा म्हणाले, सरकारी मोजणी मागितली तर माणूस येईपर्यंत माझी सुट्टी संपून जाईल. बाबा म्हणाले, मग पुढच्या सुट्टीला घाल. बाबांच्या मानेवरची शीर मला दुरून दिसत होती. आई आणि चाची आपापल्या बाजूला, पदर तोंडाला लावून उभ्या होत्या.

मी का धावत गेले हे मला सांगता येणार नाही. भीती संपली नव्हती, पण उभं राहवत नव्हतं. मी मधे जाऊन उभी राहिले आणि बाबांकडे बघायच्या ऐवजी कातळाकडे बघत बोलले.

"दगड कुणी नेला नाय. मी ढकलला. विटी अडत होती म्हणून."

मी डोळे मिटून घेतले. कानशिलात बसणार याची खात्री होती. काहीच बसलं नाही. डोळे उघडले तर बाबा माझ्याकडे बघतच नव्हते. ते चाचांकडे बघत होते.

"म्हंजे तू नाय हलवलास," बाबा म्हणाले.

चाचांनी डोक्यावरची टोपी काढून हातात घेतली. मग म्हणाले, "मना वाटला, तू."

बाबा चिऱ्यांच्या ढिगावर बसले. त्यांनी खांद्यावरच्या पंच्याने तोंड पुसलं, मान पुसली, पुन्हा तोंड पुसलं. मला वाटलं होतं ते चिडतील, पण त्यांच्यावरचं ओझं उतरलं होतं. पाच-सहा दिवस प्रत्येकाच्या मनात होतं की समोरच्याने आपल्याला फसवायला दगड गायब केला. ज्याच्याबरोबर लहानाचे मोठे झालो तो माणूस असा निघाला, हा विचार त्यांना दहा पावलांपेक्षा जास्त जाचत होता. हे मला तेव्हा शब्दांत कळलं नसेल, पण बाबांचे खांदे खाली आलेले दिसले आणि माझे पण आले. इतक्या दिवसांत पहिल्यांदा मला भूक लागली.

पण दगड नेमका कुठे होता हे अजून कुणालाच माहीत नव्हतं. कातळ भोकांनी भरलेला, त्यात मागच्या पावसाची माती आणि गवताची खुंटं. एक खाच शोधायची म्हणजे आंब्याच्या पेटीत एक डाग शोधण्यासारखं. चाचांनी मला विचारलं की जागा दाखवता येईल का. मी म्हटलं, दाखवायला कशाला पाहिजे? गलीपासून काजूच्या रोखाने सात खेपा आणि नाल.

गवंड्याला वाटलं मला ऊन लागलं. पण चाचांना आणि बाबांना खेपा म्हणजे काय ते कळलं, हे मी त्यांच्या तोंडावर वाचलं. चाचांनी फक्त विचारलं, दांडू तोच आहे ना? तो माझ्याकडे नव्हता. आईने मला कातळ बंद केला त्या संध्याकाळीच दांडू काढून ठेवला होता असं मला वाटत होतं. तेवढ्यात, सात खेपा ऐकताच चाचीमागून घराकडे पळालेली मैत्रीण धावत वर आली. तिच्या हातात दांडू होता. भांडण सुरू झालं त्याच दिवशी तिने तो कातळावरून उचलून नेऊन त्यांच्या गोठ्याच्या वाशांमधे लपवून ठेवला होता. तो तिने माझ्या हातात दिला आणि माझ्या बाजूला उभी राहिली. सगळ्यांसमोर. मला रडू आलं, पण मोजायचं काम होतं म्हणून रडले नाही.

आम्ही गलीपासून सुरुवात केली. एक वाकून दांडू टाकायची, दुसरी मोठ्याने म्हणायची. वकट, लेंड, मुंड. बाजूने बाबा, चाचा, गवंडी, आई आणि चाची चालत होते. वरात निघाल्यासारखी. सात खेपा भरल्या. वकट, लेंड, मुंड, नाल. मी थांबले. मैत्रीण म्हणाली, अजून एक, आर होता.

"नाल," मी म्हटलं.

"आर. मी तिथंच उभी होते."

"नाल. वर्षभर बोलतेय मी."

आम्ही तिथेच जुंपलो. ती म्हणत होती माझा पाचवा दांडू वाकडा पडला, मी म्हणत होते तिला मोजता येत नाही. ज्या जागेपायी दोन घरं आठवडाभर एकमेकांशी बोलली नव्हती, त्याच जागेवर आम्ही दोघी एका दांडूवरून एकमेकींच्या वेण्या धरायला निघालो होतो. पहिल्यांदा चाची हसली. मग आई. मग चाचा खाली बसले आणि हाताने माती उकरायला लागले, आणि त्यांच्या समोर बाबाही बसले.

खाच सापडली. माती काढली तशी टाकीने केलेली चौकोनी खाच उघडी पडली, आणि भोवतालच्या कातळाच्या बारीक भोकांत जुना चुना अजून पांढरा होता. ती नालेवर होती. तसूभर इकडे नाही की तिकडे नाही. मी मैत्रिणीकडे बघितलं. तिने जीभ काढली.

जागा बाबांच्या म्हणण्यावर नव्हती, चाचांच्या म्हणण्यावरही नव्हती. मधेच होती. दोघेही चुकले होते आणि दोघेही आपापल्या फायद्याच्या बाजूला चुकले होते, पण ते कुणी बोलून दाखवलं नाही. बाबांनी मला शिक्षा केली ती एवढीच की करवंदीच्या जाळीतून दगड आम्ही दोघींनी बाहेर काढायचा. आम्ही काढला. दोघींच्या हातापायांवर इतके ओरखडे आले की शाळेत बाईंनी मांजर पाळलंय का म्हणून विचारलं.

मग गवंड्याने सुतळी ताणली आणि चाचांच्या लक्षात आलं की गडगा सरळ घातला तर तो गल आणि काजू यांच्या मधून जातोय. त्यांनी गवंड्याला थांबवलं. खाली गलीकडे बघत उभे राहिले. बाबा त्यांच्याजवळ गेले. मला वाटलं पुन्हा काही निघालं. निघालंही. गल कुणी खोदली यावरून. बाबा म्हणत होते पहार मी आणली होती. चाचा म्हणत होते, पहार आणलीस, पण मारली मी. त्यांचा तो वाद त्या दिवशी मिटला नाही, आणि मला वाटतं त्यांनी तो पुढेही मुद्दाम मिटवला नाही.

गडग्यात खेळायच्या वाटेएवढी मोकळी जागा ठेवली गेली. तिथे गुरं अडवायला बेडं केलं, म्हणजे दोन बाजूंना भोकं पाडलेले दगड आणि त्यांत सरकवायचे बांबू. खेळताना बांबू काढायचे, खेळ संपला की लावायचे, असं चाचांनी आम्हा सगळ्या मुलांना उभं करून सांगितलं. एकदाही विसरलात तर बेडं बंद. आम्ही एकदाही विसरलो नाही. त्यांची कलमं मोठी झाली, त्यांना फळ धरलं, तोवर आम्ही खेळायचं वय ओलांडून गेलो होतो.

त्या संध्याकाळी आईने पुन्हा तांदूळ वाटले. फळीवरचं पातेलं खाली आलं, त्यात घावन आणि वर ओल्या नारळाचा चव गेला, आणि ते माझ्याच हातून पाठवलं गेलं. चाचीने झाकण उघडलं, एक घावन काढून तिथेच उभ्याउभ्या खाल्ला आणि म्हणाली की चार-पाच दिवस तुझ्या आईला उशीर झाला. मी घरी येऊन हे सांगितलं तेव्हा आईने चुलीकडे तोंड करून एक लाकूड आत सारलं.

मुलीला मी हे सगळं सांगितलं तेव्हा तिने पेन ठेवलं होतं आणि ती उठून बसली होती. चौथी ओळ काय लिहू, असं तिने पुन्हा विचारलं. मी म्हटलं, लिही की खेळलेली जागा पायांना पाठ होते. पाचवी ओळ मी तिला सांगितली नाही. ती मला स्वतःलाही उशिराच समजली होती, त्या दगडाला नवा चुना फासून तो जागेवर बसवल्यानंतरच्या पहिल्या डावात.

त्या दिवशी आम्ही चिठ्ठ्या टाकून बाजू पाडल्या आणि मैत्रीण पहिल्यांदाच माझ्या विरुद्ध आली. मी टोला मारला. विटी छान गेली, बेड्याच्या मोकळ्या जागेच्या रोखाने, आणि तिथेच उभ्या असलेल्या पांढऱ्या दगडावर टण्णकन आपटून परत गलीकडे आली. सगळे माझ्याकडे बघायला लागले. कुणी तर आधीच कानांत बोटं घातली. मैत्रीण दांडू घेऊन विटीजवळ उभी होती, वाकली नव्हती, माझी वाट बघत होती.

मी म्हटलं, "थांबलीय तिथूनच मोज."

ती वाकली आणि मोठ्याने मोजायला लागली. तीन खेपा आणि मुंड भरले. मी वाद घातला नाही.